टॉप स्पीड नको, दोन इंच सांगा!

‘टॉप स्पीड किती?’

कुठलंही यंत्र दाखवा, हॉस्टेलवर पहिला प्रश्न हाच येणार. मग ते पार्किंगमधली नवी बाईक असो, कुणाच्या मामाची कार असो, नाहीतर कॉम्प्युटरवर उघडलेला एखाद्या विमानाचा फोटो असो. दुसरा प्रश्न ‘किती बीएचपी?’ आणि तिसरा ‘केवढ्याला पडतं?’ ह्या तीन उत्तरांवर यंत्राचा निकाल लागतो आणि मंडळी मेसच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

सध्या आमच्या मजल्यावर ऑटोगायरोचं खूळ शिरलंय. साधंसुधं नव्हे, दोन आसनी, बंद केबिनचं, दिसायला एखाद्या छोट्या कारवर पंखा बसवावा तसं. फायनल इयरच्या दोन ग्रुप्सना त्यावर प्रोजेक्ट करायचाय. एकाने तर रूमच्या दारावर चित्र चिकटवून खाली ‘उडती कार – लवकरच येत आहे’ असं लिहूनही टाकलंय. ह्या खुळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. केटीच्या आणि प्लेसमेंटच्या रडगाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं! तक्रार आहे ती आपण ह्या यंत्राची माहिती ज्या पद्धतीने वाचतो तिच्याबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. हलक्या, दोन आसनी, बंद ऑटोगायरोच्या बाबतीत टॉप स्पीड हा सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे. ज्या आकड्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात, तो रंगीत माहितीपत्रकात सहसा दिसतच नाही. तो आकडा म्हणजे दोन इंच.

कशाचे दोन इंच, ते सांगतो. पण त्याआधी यंत्राची ओळख करून घ्यायला हवी, कारण निम्म्या लोकांना ते हेलिकॉप्टरच वाटतं.

हेलिकॉप्टरमध्ये इंजिन डोक्यावरचा पंखा, म्हणजे रोटर, फिरवतं. ऑटोगायरोत मात्र उडताना इंजिनाचा आणि रोटरचा काडीचाही संबंध नसतो. इंजिन फक्त प्रोपेलर फिरवतं आणि प्रोपेलर यंत्राला पुढे ढकलतो. रोटर किंचित मागे कललेला असतो. यंत्र पुढे सरकलं की हवा खालून वर त्याच्यातून जाते आणि रोटर आपोआप फिरत राहतो. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पोर पळत सुटतं, तसंच. फरक एवढाच की ह्या भिरभिऱ्याला आपल्याला उचलायचं असतं! पात्याचा मधला भाग रोटरला पुढे ओढतो, टोकाकडचा भाग त्याला मागे खेचतो, आणि दोघांचं जिथे जमतं त्या वेगावर रोटर स्थिरावतो. ८.४ मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो असं धरलं, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. ह्यात कुठेही गिअरबॉक्स नाही, शाफ्ट नाही, शेपटीवरचा छोटा पंखा नाही. रोटरला इंजिनाचा टॉर्कच मिळत नाही, म्हणून तो निस्तरायचाही प्रश्न नाही. उड्डाणाआधी जमिनीवर रोटरला थोडी गती देण्यापुरतं इंजिन त्याला जोडतात, मग सोडून देतात. बस्स.

हे डोकं चालवलं हुआन द ला सिएर्व्हा ह्या स्पॅनिश इंजिनिअरने. १९१९ मध्ये त्याने बनवलेलं तीन इंजिनांचं मोठं विमान स्टॉल होऊन पडलं. वेग कमी झाला की पंखाने दगा द्यायचा, हे त्याला पटेना. मग पंखच सतत फिरता ठेवला तर? कल्पना झकास होती, पण त्याची पहिली यंत्रं एका बाजूला कलंडायची. कारण सोपं आहे. पुढे जाणाऱ्या पात्याला वाऱ्याचा वेग जास्त मिळतो, मागे येणाऱ्याला कमी; एका बाजूला लिफ्ट जास्त, दुसरीकडे कमी. गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल मात्र मजेत उडायचं! मॉडेलची पाती वेताची, लवचिक होती. ती वरखाली लवून लिफ्टचा फरक आपोआप मिटवत होती. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. हे लक्षात आल्यावर सिएर्व्हाने पात्यांना मुळाशी बिजागरी बसवली आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेताफेच्या मैदानावर त्याचं सी-४ उडालं. दारंखिडक्यांना असते तशी बिजागरी! पुढे हेलिकॉप्टरवाल्यांनीही तीच उचलली. (स्टॉलपासून सुटका शोधणारा हा माणूस डिसेंबर १९३६ मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर गेला, तो साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात. नियतीला कधीकधी फारच वाईट विनोद सुचतात.)

बंद केबिनही काही आजची नाही. १९३१ मध्येच ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीने सिएर्व्हाच्या पद्धतीचं सी-२४ बनवलं. १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन, बंद केबिन, दोन माणसं. ते आजही लंडनजवळच्या डी हॅविलंड संग्रहालयात आहे. तेव्हा ‘उडती कार लवकरच येत आहे’ म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. ही कार नव्वदहून अधिक वर्षं येतेच आहे. सी-२४ ची एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचं इंजिन आणि प्रोपेलर पुढे, नाकावर होते. पुढे ह्याचा संबंध येणार आहे.

आता येऊ आपल्या लाडक्या प्रश्नाकडे. टॉप स्पीड!

उदाहरणासाठी जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या कंपनीचं कॅव्हलॉन घेऊ. ते २०११ मध्ये लोकांसमोर आलं. बाजूबाजूला दोन आसनं, थेंबाच्या आकाराची बंद केबिन, मागे इंजिन, ८.४ मीटरचा रोटर. इंजिन रोटॅक्सचं, १०० अश्वशक्तीचं साधं किंवा ११५ अश्वशक्तीचं टर्बो. कंपनी ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचा वेग सांगते. आपल्या एक्स्प्रेसवेवर एखादा दिवटा याहून जोरात गाडी हाणतो, हे ऐकून कुणाचा विरस झाला असेल तर माझा नाइलाज आहे.

वेग का वाढत नाही? कारण रोटर. केबिन कितीही गुळगुळीत केली तरी ड्रॅगचा मोठा वाटा रोटरचाच असतो आणि तो केबिनच्या आकाराने हलत नाही. अशा हलक्या यंत्राचं एकूण लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर साडेतीन-चारच्या घरात असतं. साध्या चार आसनी सेसना विमानाचं नऊच्या आसपास येतं. म्हणजे ऑटोगायरो हे मुळातच उधळं यंत्र आहे. तेव्हा खरा प्रश्न ‘किती वेगाने जातं?’ हा नाही. ‘वर चढायला हातात किती शिल्लक राहतं?’ हा आहे.

जरा जर्नल उघडा आणि हिशेब करा. खालचे आकडे ढोबळ आहेत, कंपनीचे नव्हेत. पण कल येण्यापुरते पुरेत. दोन माणसं आणि पेट्रोल धरून वजन ५०० किलो, म्हणजे सुमारे ४९०० न्यूटन. गुणोत्तर साडेतीन धरलं तर ड्रॅग १४०० न्यूटन. ताशी १०० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरला, नुसतं सरळ उडायला ३९ किलोवॅट लागले. १०० अश्वशक्ती म्हणजे ७३.५ किलोवॅट, प्रोपेलरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हवेला प्रत्यक्षात मिळाले ४८. उरले ९ किलोवॅट. त्याला वजनाने भागा, चढण्याचा वेग येतो सेकंदाला १.८ मीटर. आता ११५ अश्वशक्तीचं टर्बो घ्या. हवेला मिळाले ५५, उरले १६, चढण्याचा वेग ३.३ मीटर. इंजिन वाढलं १५ टक्क्यांनी, चढण वाढली ८० टक्क्यांहून जास्त! टॉप स्पीडमध्ये मात्र ह्या १५ अश्वशक्तीचा फरक किरकोळच दिसेल. टर्बोचे जास्तीचे पैसे जातात ते चढणीसाठी, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापतात वेग.

हाच हिशेब गेताफेला करून पाहा. मैदानाची उंची सुमारे ६२० मीटर. उन्हाळ्यातली दुपार, ३८ अंश तापमान. हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा जवळजवळ १४ टक्क्यांनी कमी. साधं इंजिन नव्वद टक्केच ताकद देईल, आणि विरळ हवेत तेवढीच लिफ्ट मिळवायला थोडं जास्त वेगाने उडावं लागेल, म्हणजे गरज ८ टक्क्यांनी वाढेल. हातात ४३, लागतात ४२. उरला एक किलोवॅट. चढण्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर. मेसमध्ये फीस्ट हाणून आलेला माणूसही हॉस्टेलचा जिना याहून लवकर चढतो! आणि समोर झाडं, विजेच्या तारा असल्या तर? पुण्याची उंचीही जवळजवळ तेवढीच आहे, आणि आपल्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. म्हणून म्हणतो, माहितीपत्रक हातात आलं की कमाल वेगाच्या रकान्यावर बोट ठेवण्याऐवजी पूर्ण वजनाला, गरम हवेत चढण किती, हे शोधा. सापडलं नाही तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच समजा.

ह्यात आणखी एक मेख आहे. वेग खूप कमी केला तर ऑटोगायरो स्टॉल होत नाही, हे खरं. पण रोटर जितका जास्त मागे कलवाल, ड्रॅग तितका भडकतो. नाक वर करून घाईघाईने जमीन सोडली की यंत्र हवेत तर येतं, पण इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत असूनही वर चढत नाही. अशा वेळी नाक खाली घेऊन जमिनीलगत वेग पकडावा लागतो, आणि मगच चढायचं. नवख्याला हे उलटं वाटतं. वर जायचंय तर नाक खाली कशाला?

आणि ‘इंजिन बंद पडलं तरी पॅराशूटसारखं अलगद उतरतं’ ही मेसमधली लोककथा? अर्धी खरी. १९३२ मध्ये अमेरिकेच्या नाका ह्या संस्थेने पिटकेअर्न कंपनीच्या पीसीए-२ ऑटोगायरोवर प्रत्यक्ष उड्डाणात मोजमापं केली. इंजिनाच्या मदतीशिवाय, पण पुढे सरकत उतरताना खाली येण्याचा किमान वेग सेकंदाला १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर भरला. अगदी सरळ उभं खाली उतरताना मात्र ३५ फूट, म्हणजे साडेदहा मीटरच्या वर. विशेष म्हणजे त्या जुन्या यंत्रात रोटरच्या चकतीच्या दर चौरस मीटरवर साधारण नऊ किलो वजन होतं, आणि आपल्या ५०० किलोच्या कॅव्हलॉनमध्येही जवळजवळ तेवढंच येतं. तेव्हा आकडे जुने असले तरी लागू आहेत. सेकंदाला साडेदहा मीटर म्हणजे जवळपास सहा मीटर उंचीवरून उडी मारल्यावर जमिनीवर आदळण्याचा वेग. आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघा आणि ‘अलगद’ ह्या शब्दाचा पुन्हा विचार करा. पुढे वेग ठेवून उतरलं आणि शेवटी नाक उचललं, तर हेच यंत्र अगदी थोड्या जागेत सुरेख थांबतं. पॅराशूटला शिकावं लागत नाही, इथे शिकावं लागतं.

असो. आता ते दोन इंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑटोगायरो पुन्हा वर आला तो स्वस्त, घरगुती यंत्र म्हणून. अमेरिकेतल्या इगॉर बेन्सेनने पन्नासच्या दशकात नळ्यांचा सांगाडा, एक खुर्ची, मागे इंजिन, असा आराखडा लोकांच्या हाती दिला. प्रोपेलर पुढून मागे गेला. समोरचं मोकळं दिसू लागलं, बांधणी सोपी झाली. पण मागचा प्रोपेलर खालच्या मुख्य नळीला लागू नये म्हणून त्याचा आस वर न्यावा लागतो. माणसं मात्र बसतात खाली. त्यात दुसरं आसन आलं, मोठा प्रोपेलर आला, भोवती केबिन आली. परिणाम काय? प्रोपेलर ज्या रेषेत ढकलतो ती थ्रस्ट लाइन यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वर गेली. सी-२४ ला ही कटकट नव्हती, कारण नाकावरचा प्रोपेलर खाली गुरुत्वमध्याच्या पातळीजवळ बसवता येत होता.

थ्रस्ट लाइन वर गेली म्हणून काय बिघडलं? नेहमीच्या उड्डाणात काहीच नाही, आणि हीच खरी भीती. प्रोपेलर नाक खाली ढकलायला बघतो. रोटरची ओढ गुरुत्वमध्याच्या थोडी पुढून जाऊन नाक वर धरते. दोघांची कुस्ती बरोबरीत सुटलेली असते. बाहेरून सगळं शांत. मग एखादा खाली जाणारा झोत येतो, किंवा चालक घाबरून स्टिक पुढे ढकलतो. रोटरवरचं वजन क्षणभर हलकं होतं. रोटरची ओढ गेली, पण प्रोपेलर तसाच ढकलतोय! कुस्तीतला एक गडी आखाडा सोडून गेला की दुसरा तोंडावरच आपटणार.

किती वेळात? पुन्हा ढोबळ आकडे घेऊ. थ्रस्ट १४०० न्यूटन, थ्रस्ट लाइन गुरुत्वमध्याच्या १५ सेंटिमीटर वर, आणि नाक वरखाली होण्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया ३५० किलो-मीटर वर्ग धरा. मोमेंट २१० न्यूटन-मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर पहिल्या सेकंदात यंत्र १७ अंशांनी नाक टाकतं, दुसऱ्याच्या शेवटी जवळजवळ ७० अंशांनी. दोन सेकंद! घाबरून स्टिक ओढायलाच तेवढा वेळ जातो, आणि ओढून उपयोगही नाही, कारण रोटरवर वजनच नसेल तर स्टिक नुसती हलते. रोटर मंदावतो, पाती वेडीवाकडी लवतात, प्रोपेलरवर किंवा शेपटीवर आपटतात. पुढचं लिहायची गरज नाही. आता तेच अंतर १५ ऐवजी ५ सेंटिमीटर करा, म्हणजे दोन इंच. पहिल्या सेकंदात जेमतेम ६ अंश, दोन सेकंदांत २३. थ्रॉटल कमी करायला सवड मिळते. आणि प्रोपेलरचा आस गुरुत्वमध्याच्या नेमका रेषेत किंवा किंचित खाली असेल, तर प्रोपेलर नाक खाली ढकलणारच नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९८९ नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये ऑटोगायरोचे एकामागून एक जीवघेणे अपघात झाले. तिथल्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने ग्लासगो विद्यापीठाला अभ्यासाला लावलं. त्यांनी व्हीपीएम एम-१६ ह्या दोन आसनी ऑटोगायरोवर उपकरणं बसवून प्रत्यक्ष उड्डाणं केली, संगणकावर गणिती मॉडेल तपासलं. निष्कर्ष हा की गुरुत्वमध्य आणि थ्रस्ट लाइन ह्यांच्यातलं उभं अंतर हीच कळीची गोष्ट. त्यावरून तिथे मर्यादा घातली गेली – वर असो वा खाली, दोन इंचांच्या आत. मला विचाराल तर ऑटोगायरोच्या इतिहासात सिएर्व्हाच्या बिजागरीनंतर दुसरा मान ह्या दोन इंचांचा.

ह्याच अभ्यासात आडव्या शेपटीला फारसं महत्त्व मिळालं नाही. लांब कालावधीच्या हेलकाव्यांवर तिचा परिणाम थोडाच, असं दिसलं. त्यावरून उडणाऱ्या मंडळींत जुना वाद आहे. कॅनडातलं आरएएफ २००० हे बाजूबाजूला दोन आसनं, बंद केबिन आणि सुबारू कारचं इंजिन असलेलं किट बरंच खपलं. त्याची थ्रस्ट लाइन गुरुत्वमध्याच्या वर होती आणि मूळ आराखड्यात आडवी शेपटीच नव्हती. कित्येक मालकांनी ती नंतर बाहेरून आणून बसवली. एक बाजू म्हणे, शेपटी हवीच. दुसरी म्हणे, शिकवणी नीट घ्या, शेपटी कशाला? माझं मत विचाराल तर आधी दोन इंच आणि वर शेपटीही. रोटरवरचं वजन हलकं झालं की वाऱ्यात काम करणारं दुसरं काय उरतं? आणि ‘चालक निष्णात असेल तर चालतं’ हा युक्तिवाद इंजिनिअरच्या तोंडी शोभत नाही. त्यात विमान चालवून आलेल्या माणसाचा हात नेमका उलटा शिकलेला असतो. वेग मेला की स्टिक पुढे! विमानात ह्या सवयीने जीव वाचतो, ऑटोगायरोत जातो. चुकणाऱ्या माणसाला दोन सेकंद जास्त देणं हे डिझाइन करणाऱ्याचं काम आहे, त्याचं त्याने करावं.

केबिनचाही ह्यात हात आहे, म्हणून ‘बंद केबिन’ म्हणजे नुसती थंडी-वाऱ्यापासून सोय असं समजू नका. पुढे मोठा डबा आला की त्याचा बाजूचा पृष्ठभाग यंत्राला आडवं वळवायला बघतो, म्हणून मागे उभे पंख मोठे लागतात. रुंद केबिनमागची ढवळलेली हवा प्रोपेलरला आणि शेपटीला मिळते. बाजूबाजूच्या आसनांत दोघेही रोटरच्या खांबाच्या पुढे बसतात, त्यामुळे सोबती उतरला की गुरुत्वमध्य मागे सरकतो. एकामागे एक आसनांत मागचा माणूस जवळजवळ गुरुत्वमध्यावरच बसतो, तिथे हा फरक कमी. म्हणजे दोन इंचसुद्धा एकच आकडा नव्हे. एकटा चालक, दोघे, टाकी भरलेली, टाकी रिकामी, अशा चारही वेळा तो तपासायला हवा.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात हरिद्वारला पर्यटनासाठी गायरोकॉप्टरची चाचणी-उड्डाणं झाली. उद्या आपल्यापैकी कुणी तिकीट काढून मागच्या सीटवर बसेल, कुणी तपासणी करणाऱ्या खात्यात नोकरीला लागेल.

म्हणून प्रोजेक्टवाल्या दोन्ही ग्रुप्सना माझी एक सूचना. उडतं मॉडेल वगैरे पुढच्या सेमिस्टरला बघू. आधी वर्कशॉपमध्ये चार फुटी सांगाडा बनवा. लोखंडी नळी, खेळण्यातली मोटर, प्लायवूडची केबिन. खर्च दोन महिन्यांच्या मेस बिलाच्या आत. आसनांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. सांगाडा रोटरच्या बोल्टला दोरीने टांगा, त्याच बिंदूतून ओळंबा सोडा आणि केबिनच्या बाजूला खडूने रेघ मारा. मग दुसऱ्या एखाद्या बिंदूला टांगून पुन्हा ओळंबा, पुन्हा रेघ. दोन रेघा जिथे छेदतील तिथे गुरुत्वमध्य. आता प्रोपेलरच्या आसाची रेघ ओढा आणि पट्टी लावा. परदेशात खऱ्या ऑटोगायरोचा गुरुत्वमध्यही असाच दोनदा टांगून काढतात. त्याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. एक पिशवी काढून पुन्हा मोजा, केबिन काढून पुन्हा मोजा, इंजिन दोन बोटं खाली बसवून पुन्हा मोजा. रीडिंग टेबलात रकाने चार : एकटा, दोघे, टाकी भरलेली, टाकी रिकामी. वर्कशॉपच्या मागच्या शेडमधला चेन-पुली ब्लॉक सध्या मोकळाच आहे, मी विचारून ठेवलंय.